मदत हवी आहे: ऑक्टोपस अंडी 'उबवते' म्हणायचं का?

मुलांसाठी खोल समुद्रातल्या एका ऑक्टोपसवर छोटं टिपण लिहितेय आणि एका शब्दावर गाडी अडलीय. ग्रॅनेलेडोन बोरिओपॅसिफिका असं जिभेची परीक्षा घेणारं नाव आहे. कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरे कॅन्यनमध्ये साधारण 1400 मीटर खोल, 2007 च्या मे महिन्यात संशोधकांच्या रोबोट कॅमेऱ्याला एक मादी खडकाला चिकटून अंड्यांवर बसलेली दिसली, मग ते परत परत जात राहिले आणि दर वेळी तीच, अंगावरच्या जखमांच्या खुणांवरून ओळखू यायची, शेवटी 2011 च्या सप्टेंबरपर्यंत तिथेच! म्हणजे तब्बल 53 महिने. खेकड्याचे तुकडे पुढे केले तरी घेतले नाहीत बाईने. ऑक्टोबरमध्ये गेले तर ती नाही, खडकावर नुसती फाटलेली रिकामी टरफलं.

आता अडचण अशी की तिथलं पाणी 3 अंश, ती अंड्यांना ऊब देतच नाही, साफ ठेवते, ताजं पाणी खेळवते आणि खाणाऱ्यांपासून राखते. मग 'उबवते' लिहिलं की पोरं कोंबडीच डोळ्यासमोर आणणार ना? 'राखण करते' बरं वाटतंय पण जरा शेतावरच्या माणसासारखं होतं. कुणाला नेमका शब्द सुचतोय का?

आणि अजून एक, इतक्या थंडीत शरीराचं सगळं काम मंदावतं म्हणून ती न खाता टिकते, हे आठवी-नववीच्या मुलांना सोप्पं कसं सांगाल? बायोलॉजीवाले कोणी असाल तर प्लीज लिहा.