फोन आणि टॅबवर मोजकीच अ‍ॅप्स ठेवायची आहेत, कोणती ठेवू?

निवांत_गडी
मंडळी, फोन नवा घेतलाय आणि जुन्यातलं काहीही त्यात आणलेलं नाही. पाटी कोरी आहे तोवर विचारून घेतो. फोन आणि टॅब मिळून वरून टाकलेली आठ अ‍ॅप्स, नववं नको. फुकट हवीत, शक्यतो खातं न उघडता चालणारी. दोन्ही अँड्रॉइड. टॅब जुना, ३२ जीबीचा, त्यातली बरीच जागा सिस्टिमच अडवून बसलीये. वापर म्हणजे टिपणं, पुस्तकं, नकाशा, गाणी, पॉडकास्ट. तुम्ही रोज खरंच काय उघडता?

खटपट्या
आधी लाँचर बदला. लाँचर म्हणजे होम स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप. ऑलाँचर टाका. आयकॉन एकही नाही, नुसती नावं. उगाच फोन उघडायचा माझा चाळा आठवड्यात सुटला. बाकीचं मग बघू.

शब्दवेडी
पुस्तकांना रीडएरा. ईपब, पीडीएफ दोन्ही उघडतं, जाहिराती नाहीत, खातं नाही. मी टॅबचं वायफाय बंद करून वाचते. मध्येच एखादा शब्द शोधायला ब्राउझर उघडला की पुस्तक गेलंच.

सगळं_आहे
एवढं काटकसरीत का जगायचं? माझ्या फोनवर २१४ अ‍ॅप्स आहेत (आत्ताच मोजली), एकदाही अडकला नाही.

पेनधारी
जुन्या टॅबला किती दिवस कवटाळणार? पेनवाला घ्या. आणि टिपणांच्या अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भरून टाका. माझं गिचमिड अक्षरसुद्धा ते शोधून देतं. फुकट हवंय हे वाचलं, पण फुकटात असलं काही मिळत नाही.

निवांत_गडी
@पेनधारी, टॅब हाच राहणार. वर्गणी नको.

ताक_फुंकणारा
टिपणांबद्दल हात जोडून सांगतो. चार वर्षांच्या नोंदी एका अ‍ॅपात होत्या, नाव घेत नाही. सेवा बंद होणार असल्याचा मेल मी उघडतच नाही अशा पत्त्यावर आला. शेवटच्या दोन दिवसांत कसंबसं सगळं उतरवलं, तर प्रत्येक नोंदीवर तारीख एकच, उतरवल्याची! कुठली टिपणं आधीची, कुठली नंतरची, काही कळेना. तेव्हापासून मार्कोर. नोंदी साध्या टेक्स्ट फायली म्हणून फोनवरच राहतात. उद्या अ‍ॅप गेलं तरी फायली कशातही उघडतील.

दुसरं, लॉगिनच्या कोडसाठी एजिस. त्याची कुलूपबंद प्रत फोनबाहेर ठेवा. माझा फोन पाण्यात पडला तेव्हा कोडही त्याच्याबरोबर बुडाले होते.

कानामात्रा
धागाकर्ते, ‘अ’ला चंद्र चिकटवून ‘अ‍ॅप’ का लिहिता? ‘ॲ’ या अक्षराला २००८ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे.

खटपट्या
माझ्या जुन्या टॅबवर तुमच्या त्या अक्षराच्या जागी चौकट दिसते.

कानामात्रा
मग फॉन्ट बदला. भाषा कशाला बदलता?

शब्दवेडी
झालं सुरू. नकाशा राहिला ना! ऑर्गॅनिक मॅप्स घ्या. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय रस्ता दाखवतं. गर्दी कुठे आहे ते मात्र सांगत नाही.

सगळं_आहे
गर्दी न सांगणारा नकाशा काय कामाचा?

ऐकीव
गाण्यांना व्हीएलसी, कुठलीही फाइल द्या, वाजवतं. पॉडकास्टला अँटेनापॉड. गॅलरीला सिम्पल गॅलरी.

ताक_फुंकणारा
सिम्पलवाली अ‍ॅप्स २०२३मध्ये विकली गेली. त्याच जुन्या कोडवरून पुढे चालवलेली फॉसिफायची घ्या, एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅप्सच्या दुकानात मिळतात. टिपणांना मार्कोर, परत सांगतो.

आळशी_मांजर
कितीतरी अ‍ॅप्स म्हणजे आतून वेबसाइटच असते. ब्राउझरमध्ये साइट उघडा, मेनूतून ‘होम स्क्रीनवर जोडा’ करा, काम झालं. ब्राउझर फायरफॉक्स घ्या, फोनवरही त्यात जाहिराती अडवणारं युब्लॉक ओरिजिन चालतं. फोनसोबत आलेली जी नको आहेत ती निघत नसतील तर सेटिंगमध्ये जाऊन बंद करून ठेवा. माझी अशी अकरा झोपली आहेत.

ऐकीव
व्हीएलसीला +१. (मीच सांगितलं होतं, तरी.)

निवांत_गडी
सगळ्यांचे आभार. दहा दिवस वापरून सांगतोय. रीडएरा, व्हीएलसी, अँटेनापॉड, ऑर्गॅनिक मॅप्स, एजिस, फायरफॉक्स राहिली.

लाँचर टाकला आणि काढला. घरच्यांनी फोटोसाठी फोन घेतला नि ‘कॅमेरा कुठे पळवलास?’ म्हणून परत दिला. मार्कोरही काढलं. चांगलं आहे, पण नवी नोंद करताना फाइलला नाव काय द्यायचं इथेच मी अडायचो. आता सुचेल ते स्वतःलाच मेल करतो. विषयाची जागा रिकामी सोडतो, तारीख आपोआप पडते, शोधताही येतं. आठातल्या दोन जागा रिकाम्या आहेत.

ताक_फुंकणारा
मेल?! वर एवढं सगळं लिहिलं ते कुणासाठी?

निवांत_गडी
वाचलं हो. महिन्यातून एकदा सगळे मेल उतरवून घेईन.

ताक_फुंकणारा
मीही असंच म्हणायचो.

नवा_पाहुणा
वरचं वाचलं नाही, पण आधी लाँचर बदला. ऑलाँचर छान आहे.