थंडरचे ६८ विजय प्लेऑफमध्ये किती कामाचे? घोडामैदान जवळ आलंय

अर्धाकोर्ट (१४ एप्रिल २०२५)

काल एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, रेग्युलर सीझन संपला. ओक्लाहोमा सिटी थंडर ६८-१४. लीगचे ईस्ट आणि वेस्ट असे दोन गट, थंडर वेस्टमध्ये. ईस्टच्या संघांशी ३० सामने, त्यातले २९ जिंकले. गुणांचा सरासरी फरक दर सामन्याला १२.९ आणि हा एनबीएचा नवा विक्रम, म्हणजे १९७१-७२ च्या लेकर्सचा आकडाही मागे पडला. हे सगळं मान्य करूनच धागा काढतोय, तेव्हा पहिल्याच प्रतिसादात हेच आकडे माझ्या तोंडावर फेकू नका.

माझी शंका वेगळी आहे. थंडर जगतात चोरीवर. समोरच्याला सगळ्यात जास्त टर्नओव्हर (हातातला चेंडू गमावणं) करायला लावणारा संघ हाच आणि स्वतः सगळ्यात कमी करणारा संघही हाच. फुकटचा चेंडू, मोकळं मैदान, सोपा लेअप. जानेवारीत मंगळवारी रात्री येऊन बुधवारी दुसऱ्या गावी जाणाऱ्या संघाकडे याला उत्तर नसतं. प्लेऑफमध्ये तोच संघ दोन आठवडे तुमच्यासमोर असतो. कोच बसून टेप बघतो, कुठला पास चोरला जातो ते शोधतो आणि तो पासच बंद करतो. खेळ संथ होतो. मग उरतो अर्ध्या कोर्टातला खेळ, म्हणजे समोरचा बचाव जमून उभा असताना गुण काढणं, आणि तिथे थंडरकडे शे गिल्जस-अलेक्झांडर आहे. त्याच्यानंतर कोण?

डिसेंबरमधली एनबीए कपची फायनल आठवते? लास व्हेगासला बक्सनी ९७-८१ असं हरवलं. थंडरनी ३२ थ्री (लांबून मारायचे तीन गुणांचे फटके) मारले, पडले ५. बक्सनी रिंगखाली गर्दी केली आणि बाकीच्यांना सांगितलं, मारा बाबांनो. तो सामना रेकॉर्डमध्ये धरला जात नाही म्हणून ६८-१४ मध्ये तो दिसत नाही. प्लेऑफमधले कोच मात्र तोच सामना आधी काढून बघणार.

वेस्ट जिंकण्याची शक्यता मी निम्म्याच्या खाली धरतो. बोला.

चेंडूचोर

नावातच अर्धाकोर्ट, त्यामुळे निकाल आधीच लागलेला दिसतोय :)

मुळात तुम्ही चोरीला पळापळीचा खेळ समजताय, चूक तिथे आहे. थंडर चेंडू चोरतात तो समोरचा संघ अर्ध्या कोर्टात सेट लावत असतानाच. लू डॉर्ट छातीला छाती लावून उभा, केसन वॉलेस आणि अ‍ॅलेक्स करुसो बाजूने हात घालायला टपलेले, आणि हे तिघे एवढी जोखीम घेऊ शकतात कारण मागे चेट होमग्रेन किंवा आयझाया हार्टनस्टाईन उभा असतो. कोणी निसटला तरी रिंगपाशी सात फुटी माणूस आहेच. खेळ संथ झाला म्हणून हे दडपण कमी होत नाही. उलट प्लेऑफमध्ये खेळाडूंचे पाय ताजे असतात आणि बॅक-टू-बॅक सामने नसतात. करुसोला सीझनभर जपून जपून वापरलाय तो कशासाठी?

दुसरं म्हणजे मागच्या वर्षी प्लेऑफमध्ये डॅलसकडून हरलो, तेव्हाचं दुखणं काय होतं? डॅलसनी जॉश गिडीला मोकळा सोडला आणि त्याच्यावर नेमलेला डिफेंडर सरळ रिंगखाली नेऊन ठेवला. थंडर चार विरुद्ध पाच खेळत होते. मालिका संपायच्या आत गिडीची सुरुवातीच्या पाचातली जागा गेली. आणि रिबाउंड, त्याबद्दल तर बोलायलाच नको, डॅनियल गॅफर्ड आणि डेरेक लाइव्हली वरून चेंडू काढून नेत होते. उन्हाळ्यात थंडरचा कारभार बघणाऱ्या सॅम प्रेस्टीनी काय केलं? गिडी देऊन करुसो आणला आणि तीन वर्षांचे ८ कोटी ७० लाख डॉलर मोजून हार्टनस्टाईन आणला. निदान झालं, औषधही झालं. तुम्ही अजून जुनाच रिपोर्ट हातात धरून बसलाय.

आकडेमोड

तोंडावर फेकू नका म्हणालात तरी एक फेकतोच. याआधी सरासरी फरक १२ च्या वर नेणारे संघ तीनच: १९७०-७१ चे बक्स, १९७१-७२ चे लेकर्स, १९९५-९६ चे बुल्स. तिघेही चॅम्पियन.

जुनाजाणता

आकडेमोड, तुमचे तीन घ्या आणि माझे तीन ऐका. २००६-०७ चे डॅलस मॅव्हरिक्स, ६७ विजय, पहिल्या फेरीतच आठव्या क्रमांकाच्या गोल्डन स्टेट वॉरियर्सनी घरी पाठवले. २०१५-१६ चे स्पर्स, ६७ विजय, दुसऱ्या फेरीत गेले, तेही कोणाकडून? याच ओक्लाहोमाकडून. आणि त्याच वर्षीचे वॉरियर्स, ७३ विजय, फायनलमध्ये ३-१ ने पुढे, आणि तिथून हरले.

चौथं उदाहरण तर घरातलंच. थंडर २००८ मध्ये ओक्लाहोमाला आले, त्याआधी हा संघ सिएटलचा. १९९४ मध्ये सिएटलचे ६३ विजय, लीगमधला पहिला नंबर, समोर आठवे डेन्वर. डेन्वरनी पाच सामन्यांत निकाल लावला. डिकेम्बे मुटोम्बो चेंडू डोक्यावर धरून जमिनीवर पाठ टेकून हसतोय, ते चित्र आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि गंमत बघा. वेस्टमध्ये सातवे आहेत गोल्डन स्टेट, आठवे मेम्फिस. उद्याच्या प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीचे सामने) वॉरियर्स हरले आणि पुढचा सामना जिंकले, तर पहिल्याच फेरीत थंडरसमोर स्टीफ करी, जिमी बटलर आणि ड्रेमंड ग्रीन. पहिल्या क्रमांकाचं बक्षीस म्हणून हे मिळालं तर?

आकडेमोड

जुनाजाणता, तुम्ही विजय मोजताय, मी फरक मोजतोय. तुमच्या मॅव्हरिक्सचा फरक साताच्या आसपास होता. चार-चार गुणांनी जिंकून ६७ पर्यंत पोचलेला संघ वेगळा आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्टार्टर बाकावर नेऊन बसवणारा संघ वेगळा. ७३ वाल्या वॉरियर्सचा मुद्दा मान्य, पण तो संघ फायनलच्या सातव्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटापर्यंत होता. अर्धाकोर्ट तर वेस्टच जिंकणार नाहीत म्हणतायत.

पाचवाफाउल

मूळ मुद्दा कोणी काढतच नाही. शिट्टी. शे ३२.७ गुणांची सरासरी घेऊन लीगमध्ये पहिला आलाय, त्यात फ्री थ्रो किती ते बघा. मे महिन्यात रेफरी तोंडातली शिट्टी खिशात ठेवतात. जेम्स हार्डनचं काय झालं होतं ते विसरलात?

चेंडूचोर

पाचवाफाउल, हार्डनची तुलना दर वर्षी येते आणि दर वर्षी चुकते. हार्डन थ्री किंवा फाउल यावर जगायचा. २०१८ च्या सातव्या सामन्यात ह्यूस्टनचे ओळीने २७ थ्री चुकले आणि हातात दुसरं काही नव्हतंच. शेचं घर मिड-रेंजमध्ये आहे. थांबला, डिफेंडर पुढे निघून गेला, चौदा फुटांवरून टाकला. याला शिट्टी लागत नाही. मागच्या वर्षी डॅलसविरुद्ध तो तीसच्या वर होता, तो काय फ्री थ्रोवर? संघ हरला तो इतरांमुळे.

अर्धाकोर्ट

“संघ हरला तो इतरांमुळे.” चेंडूचोर, माझा अख्खा धागा तुम्ही एका वाक्यात लिहिलात, आभारी आहे.

आता गिडीबद्दल. करुसो आणि हार्टनस्टाईन आल्याने बचाव आणि रिबाउंड सुधारले, मान्य. हार्टनस्टाईनचा तो हळूच ढकललेला फ्लोटर मलाही आवडतो. पण हे दोघे शेवटच्या तीन मिनिटांत स्वतः गुण काढणारे नाहीत. डॅलसविरुद्धचा सहावा सामना परत बघा. १७ गुणांची आघाडी होती. ती कशी विरघळली? आणि शेवटी २.५ सेकंद असताना पी.जे. वॉशिंग्टन थ्री मारतोय आणि शेचाच फाउल. ११७-११६. शेनी त्या रात्री ३६ केले होते! एवढं सगळं एकाच माणसाने करायचं, शेवटचा बचावही त्यानेच करायचा, तर पाय कधीतरी अडखळणारच.

जेलन विल्यम्स २१.६ ची सरासरी घेऊन ऑल-स्टार झाला, कौतुक आहे. पण मालिका २-२ असताना, परक्या कोर्टवर, शेला दोघांनी घेरलंय आणि चेंडू त्याच्या हातात आलाय, अशा वेळी त्याने संघाला तारलंय असं अजून आपण पाहिलेलं नाही. होमग्रेनची तर गोष्टच वेगळी, नोव्हेंबरमध्ये कंबरेचं हाड मोडून तीन महिने बाहेर होता.

बेंचवाला

होमग्रेनचा मुद्दा उलटा लावा ना. सुरुवातीला हार्टनस्टाईनचा हात मोडलेला, तो परत यायच्या आत होमग्रेन गेला. मध्ये काही सामने धड सेंटर नसताना खेळले, आणि तरी ६८! दोघं एकत्र असे फार खेळलेच नाहीत. समोरच्या कोचकडे या जोडीची टेप तरी किती असेल?

रच्याकने, विल्यम्सबद्दल बोलताय तर हेही बघा: २०१९ मध्ये पॉल जॉर्जच्या बदल्यात क्लिपर्सनी शे दिला, वर ड्राफ्ट पिकांची (नवे खेळाडू निवडायच्या हक्कांची) रास दिली, आणि त्यातल्याच एका पिकातून २०२२ मध्ये विल्यम्स आला. पॉल जॉर्ज एव्हाना क्लिपर्स सोडून गेलाही. आणि दुसऱ्या फेरीत समोर येऊ शकतात तेच क्लिपर्स. याहून चांगली पटकथा कोणी लिहिणार नाही.

पण मला भीती क्लिपर्सची नाही, डेन्वरची आहे. निकोला योकिचची सीझनभराची सरासरी ट्रिपल-डबल, म्हणजे गुण, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दहाच्या वर. ऑस्कर रॉबर्टसन आणि रसेल वेस्टब्रूकनंतर तिसराच माणूस, आणि वेस्टब्रूकही यंदा डेन्वरमध्येच, जुन्या घरावर चाल करून यायला तयार. या वर्षी थंडर-डेन्वर २-२. मार्चमध्ये ओक्लाहोमातच लागोपाठच्या दोन दिवशी खेळले: पहिला थंडरनी १२७-१०३ जिंकला, दुसऱ्या दिवशी डेन्वरनी १४०-१२७. एका दिवसात योकिच एवढं शिकतो, तर दोन आठवड्यांत काय करेल?

आकडेमोड

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. डेन्वरनी आधी क्लिपर्सना तर हरवू दे. आणि ज्या संघाने तीन सामने शिल्लक असताना मायकेल मलोनसारखा कोच आणि जनरल मॅनेजर दोघांनाही एकाच दिवशी काढलं, त्याची भीती बाळगायची?

बेंचवाला

त्यानंतरचे तिन्ही सामने जिंकलेत डेव्हिड अ‍ॅडेलमननी. एवढंच सांगतो.

जुनाजाणता

एक गोष्ट कबूल करतो. तरुण संघ जिंकत नाही, आधी मार खावा लागतो, असं मी नेहमी म्हणतो. १९७७ चं पोर्टलंड त्याला अपवाद, बिल वॉल्टनवाला. सगळ्यात तरुण चॅम्पियन तेच. पण त्यांच्यासमोर एका फेरीत आठवडाभर टेप बघणारे पंधरा सहायक कोच नव्हते हो.

चेंडूचोर

जुनाजाणता, यांनी मारही खाऊन झालाय. मागच्या वर्षी तुम्हीच म्हणत होतात की हरू दे, शिकतील. आता शिकून आले तर पोर्टलंड काढताय.

अर्धाकोर्ट, सरळ विचारतो. डेन्वर आलं, लेकर्स आले, वॉरियर्स आले, यातली कुठली मालिका थंडर हरतील? नाव घ्या. “शक्यता निम्म्याच्या खाली” हे काय उत्तर झालं?

अर्धाकोर्ट

घेतो. वॉरियर्स आठवे आलेच तर सहा सामन्यांत थंडर. करीचे पाय एवढ्या लांबड्या पोरांमागे धावून थकतील. लेकर्स, लुका डॉन्चिच असूनही, नाहीच. गेल्या आठवड्यात त्यांनी थंडरना १२६-९९ असं हरवलं खरं, पण रिंगपाशी उभा करायला त्यांच्याकडे माणूस नाही आणि दोनच दिवसांनी थंडरनी १३६ करून दाखवलंच.

माझी भीती डेन्वरच. करुसो योकिचच्या अंगावर जाईल, हार्टनस्टाईन जाईल, तरी योकिच कोपऱ्यातून पास काढणारच, आणि पाच मिनिटं राहिली की सगळं शेवर येणार. ती मालिका सात सामन्यांची. आणि सातवा ओक्लाहोमात.

चेंडूचोर

म्हणजे थंडर जिंकतात ना?

अर्धाकोर्ट

सातवा ओक्लाहोमात, एवढंच म्हणालोय.