मदत हवी आहे : गुडघ्याची झीज सुरू झाली आहे, हे ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी. वय ४९, राहणार नारायण पेठ. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही.

दिवाळीपासून उजवा गुडघा कुरकुरतोय. गंमत म्हणजे चढताना फारसं काही नाही, उतरताना कळ येते. परवा पर्वती नेहमीसारखी चढून गेले, पण खाली येताना कठडा धरून, तिरकं होऊन एकेक पायरी उतरले. सकाळी पाय आखडलेला असतो, चहा उकळेपर्यंत सुटतो. बालगंधर्वला नाटक बघून उठलं की पहिली चार पावलं लंगडत. वाटीवर तळहात ठेवून पाय दुमडला की आत वाळू चाळल्यासारखी करकर हाताला लागते. सूज रोज नाही, जास्त चालणं झालं तर संध्याकाळी थोडी.

सासूबाई म्हणतात वात आहे, तिळाचं तेल चोळ. नवरा म्हणतो वजन बघ आधी. (स्वतःचं पोट बघून बोलावं, पण असो.) एका ठिकाणी झोपवून एक्स-रे काढला. 'नॉर्मल आहे, कॅल्शियम घ्या', दोन मिनिटांत बाहेर. नॉर्मल असेल तर दुखतंय काय? ही झीजेची सुरुवात की आणखी काही? कुणाला अनुभव?

पेठेतली_मीनल

---

कोथरूडची_फिजिओ :
मीनलताई, तपासल्याशिवाय नक्की सांगणार नाही, पण वर्णन झीजेच्या सुरुवातीशी जुळतंय. पंचेचाळिशीपुढे हालचालीने वाढणारं दुखणं आणि सकाळचा ताठरपणा अजिबात नसणं किंवा अर्ध्या तासात जाणं, एवढ्यावर निदान करता येतं. ब्रिटनच्या 'नाइस'च्या (उपचारांबाबत मार्गदर्शन करणारी तिथली सरकारी संस्था) सूचनांनुसार तर अशा वेळी एक्स-रेचीही सहसा गरज नसते.

एक्स-रेत कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजतं ते हेच) दिसतच नाही. दिसतं ते दोन हाडांमधलं अंतर आणि कडेला वाढलेलं हाड, आणि सुरुवातीला दोन्ही ठीकठाक असू शकतं. शिवाय झोपून काढला तर पायावर वजन नसतं, अंतर आहे त्याहून जास्त दिसू शकतं. पुन्हा काढायची वेळ आली तर उभं राहून काढायला सांगा.

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात अंगाचा भार तोलून धरतो, तेव्हा वाटी मागच्या हाडावर जोरात दाबली जाते. म्हणून कळ आधी जिन्यात येते, सपाटीवर नाही.

सकाळचा ताठरपणा तासाच्या पुढे जातो का, हाताची बोटं सुजतात का, हे बघा. तसं असेल तर आमवाताच्या रक्ततपासण्या लागतात. गुडघा मध्येच अडकत असेल किंवा दगा देत असेल तर आतली गादी फाटलेली असू शकते. लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

निवृत्त_बँकवाला :
वहिनी, माझंही असंच सुरू झालं होतं. जिने पूर्ण बंद केले आणि मांडी काटकुळी झाली, दुखणं उलट वाढलं. तेव्हा ते नको.

पेठेतली_मीनल :
धन्यवाद! बोटं ठीक आहेत, अडकत नाही. ताई, तेल आणि वजनाचं काय? आणि पर्वती चढणं बंद करू का?

कोथरूडची_फिजिओ :
तेल खुशाल चोळा, बरं वाटतं, पण झीज त्याने थांबत नाही. वजनाबाबत यजमान बरोबर आहेत (सांगू नका त्यांना): एक किलो उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी घटतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करा, पाच सेकंद धरा, सावकाश खाली. दहा वेळा, दोन्ही पाय, रोज. मांडी घालून बसणं सध्या टाळा, पूजेला पाट नको, स्टूल घ्या. पर्वती महिनाभर राहू दे, सारसबागेत सपाटीवर चाला. घरचा जिना चुकणार नाहीच, तर उतरताना दुखरा पाय आधी खाली टाका, चढताना बरा पाय आधी वर.