मदत हवी आहे: दहा गुंठे मुरमाड माळ, ससे-मोरांसाठी पेरणी आणि हातात आठ हजार

नमस्कार मंडळी,

आम्ही राहायला हडपसरला. सासऱ्यांची दहा गुंठे पडीक माळजमीन पुरंदर तालुक्यात, सुप्याच्या दिशेला आहे. विहीर नाही, वीज नाही, जो काही पाऊस पडेल तेवढंच पाणी. पाच-सहा वर्षं कुणी हात लावला नाही, म्हणूनच असेल, पण तिथे ससे आहेत, चालताना पायाजवळून लाव्हे भुर्रकन उडतात आणि सकाळी मोर शेजारच्या बाजरीच्या धसकटांत उकरत असतात. गेल्या उन्हाळ्यात एका पहाटे बांधापलीकडे दोन चिंकारा उभ्या दिसल्या. सुप्याजवळचं चिंकारांचं मयूरेश्वर अभयारण्य अवघं 5.14 चौरस किलोमीटरचं, हरणं बाहेरच्या माळांवर चरायला येणारच. त्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं की इथे आपल्यासाठी काही पिकवायचं नाही, पेरायचं ते यांच्यासाठी.

गेल्या जूनमध्ये उत्साहाच्या भरात बाजरी आणि मूग फोकून दिले. उगवण छान झाली. मग पावसाने ताण दिला आणि वीतभर वाढलेली बाजरी पिवळी पडून बसली. टिकावाने खणून पाहिलं तर चार बोटं माती, खाली नुसता मुरूम. फार वाईट वाटलं.

यंदा आधी माती तपासून घेतली. आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतले, माती एकत्र केली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरवली. अहवालात सामू (pH) 8.2, म्हणजे माती विम्लधर्मी, आणि सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून, शेणातून मातीत येणारा कार्बन) 0.31 टक्के, म्हणजे कमीच आला. वन्यप्राण्यांसाठी पेरणीचे परदेशी व्हिडिओ पाहिले, त्यात पहिला सल्ला चुना टाकण्याचा. तो त्यांच्या आम्लधर्मी जमिनीला ठीक आहे. आमच्या मातीच्या ढेकळावर मी लिंबू पिळलं तर फसफसून फेस आला. चुनखडी मुळातच आहे, आणखी कशाला घालायची?

बजेट वर्षाला आठ हजार. शेणखताची एक ट्रॉली आणायची म्हटलं तरी वाहतुकीसकट अर्धे पैसे संपतात. म्हणून विचारते:

हिरवळीचं खत म्हणून ताग पेरून फुलोऱ्यात मातीत गाडावा असं वाचलं. एकरी 20 ते 25 किलो म्हणजे मला पाच-सहा किलो बी लागेल, ते परवडेल. पण चार बोटं मातीत, पाऊस बेभरवशाचा असताना गाडलेला ताग कुजेल का? की धैंचा (हेही असंच गाडायचं हिरवळीचं पीक) बरा? आणि नांगरट करावी का? सासरे म्हणतात खोल नांगर घाल, मला मात्र आहे तेवढी माती उधळून जाईल अशी भीती वाटते. मका आणि भुईमूग लावणार नाही. रानडुकरं येतील आणि त्रास शेजाऱ्यांच्या पिकाला होईल.

प्रतिसाद:

ताई, नांगर अजिबात घालू नका. खालचा मुरूम वर येईल. शिवाय माळावरचं पवन्या, मारवेल हे गवत हाच सशांचा आणि लाव्ह्यांचा निवारा आहे, म्हणून निम्मी जागा जशी आहे तशी राहू द्या. उरलेल्या पाच गुंठ्यांवर काम करा.

पैसे खतावर घालवण्याआधी वेचलेल्या दगडांच्या हातभर उंचीच्या ताली (बांध) उताराला आडव्या घाला. वाहून जाणारी माती तिथेच थांबते. आमच्याकडे दोन पावसाळ्यांत तालीमागे वीतभर गाळ साचला.

खताचं म्हणाल तर मेंढ्या बसवा. धनगर दादांशी बोलून मे महिन्यात चार-पाच रात्री वाडा (मेंढ्यांचा कळप मुक्कामाला) बसवून घ्या. लेंडी आणि मूत जागच्या जागी पडतं, वाहतूक शून्य. मोबदला धान्यात की पैशात, ते आधीच ठरवा.

ताग ओल असेल तरच कुजतो. तुमच्याकडे त्याऐवजी हुलगा आणि मटकी पेरा. हुलगा मुरमात तग धरतो आणि मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो. बियाण्याला गुळाच्या पाण्यातून रायझोबियम (मुळांवर नत्राच्या गाठी करणारे जिवाणू) चोळा (10 किलोला 250 ग्रॅमचं पाकीट पुरतं) आणि सावलीत सुकवा. कापणी करू नका. शेंगा तित्तर-मोर खातील, पाला जागेवर कुजेल. कर्ब एका वर्षात वाढत नाही, तीन-चार हंगाम लागतात.

आणि पाणवठा घाई करून करू नका, भटकी कुत्री जमतात आणि पाडसांवर जातात.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार. मेंढ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या रस्त्यालाच वाडा उतरतो, रविवारी जाऊन बोलते. सासऱ्यांना ताली दाखवायला घेऊन जाईन, दगड रचण्यात त्यांचा हात चांगला आहे. एकच राहिलं: मेंढ्या बसवल्या तर राखायच्या निम्म्या भागातलं गवतही त्या खातील ना? तिथे बोरीच्या काट्यांचं कुंपण पुरेल का?