मदत हवी आहे: अप्रेझलमध्ये 'बांधिलकी कमी' लिहू की नको?

नमस्कार मंडळी,

शुक्रवारपर्यंत अप्रेझलचे फॉर्म भरून द्यायचेत आणि एका फॉर्मपाशी मी अडकलेय. जरा सविस्तर लिहिते.

अकाउंट्समध्ये सात जणांची टीम मी बघते. वय 44. टीममध्ये 57 वर्षांचे एक सर आहेत. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि आता कागदोपत्री ते माझ्या हाताखाली. (दोघांनाही अवघड जातं, पण आजवर निभावलंय.) आणि दीड वर्षापूर्वी लागलेली 24 वर्षांची एक मुलगी आहे.

सरांचा आग्रह आहे की तिच्या फॉर्ममध्ये 'बांधिलकी कमी' असं लिहावं. का, तर सहा वाजले की ती बॅग उचलते आणि रात्री फोन घेत नाही. पण दीड वर्षात तिची एकही तारीख चुकलेली नाही. तिचं सहाला निघणं मला अजिबात चूक वाटत नाही. फ्रान्समध्ये तर 2017 पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून लांब राहण्याचा हक्क कायद्यातच आहे. हे सरांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, तू नऊ-नऊपर्यंत बसायचीस, विसरलीस?"

विसरले नाही. पण त्या बसण्यात मी काय मिळवलं, ते मागच्या महिनाअखेरीला लक्षात आलं.

सर अजूनही प्रिंट काढून, पट्टी ठेवून, हिरव्या पेनाने एकेक ओळ टिक करतात. मुलीने तेच काम फॉर्म्युला लावून चाळीस मिनिटांत संपवलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "सर, हे हाताने का करायचं?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. सरांना तो अपमान वाटला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या शीटमधल्या दोन नोंदींवर बोट ठेवलं. एकाच पार्टीचं एकच बिल दोनदा दिलं गेलं होतं, एकदा 1045 नंबरने आणि एकदा 1045-ए. फॉर्म्युला तंतोतंत तोच नंबर शोधत होता, त्यामुळे त्याला ते सापडलंच नाही. ती थक्क झाली. "सर, तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं," म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

ते "कळतं" मला अजून टोचतंय. मी सरांच्या शेजारी बसून, त्यांचं पार्टीशी फोनवरचं बोलणं कानावर पडत पडत शिकले. मला कुणी मुद्दाम काही शिकवलं नाही. या मुलीचं 2020-21 मधलं कॉलेज लॅपटॉपवर झालं, पहिली नोकरीही पूर्णपणे घरून. शेजारी बसायला तिला कुणी होतंच कुठे? त्या दिवसानंतर तिने सरांना एकही प्रश्न विचारलेला नाही. आणि सर दोन वर्षांत निवृत्त होणार, डोक्यातलं सगळं घेऊन.

"ही पिढीच अशी" हे आमच्याकडे दोन्ही बाजूंनी ऐकू येतं. मला ते पटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने 2020 मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं होतं. पिढीच्या नावावर खपवले जाणारे बरेच फरक खरं तर वयाचे, अनुभवाचे किंवा कामाचं स्वरूपच बदलल्यामुळे आलेले असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. 24 व्या वर्षी मीही नियमांवरून वाद घालायचे. तेव्हा सरांनी ते सहन केलं होतं, हे त्यांना आठवून देऊ का?

'बांधिलकी कमी' मी लिहिणार नाही, एवढं नक्की. पण सरांना न दुखावता हे कसं सांगू? त्यांच्याशी एकट्याने बोलावं की तिघांनी बसावं? त्यांच्या डोक्यातलं तिच्यापर्यंत पोचवायला तुमच्याकडे कुणी काही केलंय का? जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी 1999 मध्ये तिथल्या वरिष्ठांना इंटरनेट शिकवायला तरुण माणसं जोडून दिली होती. तसं दोन्ही बाजूंनी करावं असं डोक्यात आहे, महिनाअखेरीचा एक तास, तिचा फॉर्म्युला आणि सरांचं हिरवं पेन एकाच टेबलावर. पण "हिच्याकडून मी शिकू?" म्हणून सर उठून गेले तर?

पन्नाशीपुढच्यांनी जरूर लिहा. सरांच्या जागी तुम्ही असतात, तर कोणत्या शब्दांत सांगितलेलं तुम्हाला चाललं असतं?