सर्व्हर परदेशात हलवला तर इथली नोटीस त्याला लागते का? (नाशिक, पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर)

अंबड_कोडर
नमस्कार मंडळी. द्राक्ष पॅकहाऊससाठीचं सॉफ्टवेअर आहे. पिंपळगाव, दिंडोरी, निफाडकडच्या बागायतदारांची नावं, मोबाइल, सातबारा, बँक खातं, फवारणीच्या नोंदी, रेसिड्यूचे (फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचे) लॅब रिपोर्ट असं सगळं त्यात येतं. सध्या ते एका अमेरिकन क्लाउडच्या मुंबईतल्या सर्व्हरवर आहे. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, पत्ता नाशिकचाच. संचालकांचं म्हणणं असं की सर्व्हर नेदरलँड्स किंवा आइसलँडला न्यावा, म्हणजे इथली नोटीस लागणार नाही आणि अमेरिकेचाही संबंध उरणार नाही. हे खरं आहे का? आणि हलवलंच तर काय काय बिघडतं?

गोदाकाठ_वकील
नोटीस लागते. ती सर्व्हरला नाही, माणसाला बजावतात.

पोलीस कागदपत्रं किंवा डेटा मागतात तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली (१ जुलै २०२४ पूर्वी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं, कलम ९१). वस्तू ज्याच्या 'ताब्यात किंवा अधिकारात' आहे त्याने ती हजर करायची, असा त्याचा अर्थ. डेटाबेसचा ॲडमिन पासवर्ड अंबडच्या ऑफिसात आहे, म्हणजे डेटा तुमच्या अधिकारात आहे. डिस्क आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, फिरत असली तरी फरक पडत नाही. शिवाय आयटी कायद्याचं कलम ६९ आहे. त्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश आला आणि डेटा उघडून द्यायला मदत केली नाही, तर ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सर्व्हर बाहेर असल्यामुळे खरी अडचण येते ती डेटावर ताबा असलेलं भारतात कुणीच नसेल तेव्हा. मग संहितेच्या कलम ११२ खाली कोर्टाचं विनंतीपत्र निघतं, ते गृह मंत्रालयामार्फत त्या देशाकडे जातं, आणि त्यात महिनोन्‌महिने जातात. भारत सायबर गुन्ह्यांवरच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात नाही, त्यामुळे तो जवळचा रस्ताही नाही. लोकांनी हा उशीर पाहिला आणि परदेशी सर्व्हर म्हणजे कवच असा समज करून घेतला. तुमच्या बाबतीत गोष्ट तिथवर जातच नाही. नाशिकचे सायबर पोलीस थेट तुमच्या संचालकांना बोलावतील.

उलट एक सरकार वाढतं. ॲमस्टरडॅममधल्या मशीनवर डच पोलीस आणि डच कोर्टाचा अधिकार चालतो. आइसलँड युरोपीय संघात नाही म्हणून मोकळं असंही नाही. तो युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहे, तिथेही जीडीपीआर (युरोपचा डेटा संरक्षण कायदा) लागू आहे. केवळ तिकडचा होस्ट (सर्व्हर भाड्याने देणारा) घेतला म्हणून तुमच्या कंपनीला अख्खा जीडीपीआर लागत नाही, पण तुमचा होस्ट प्रोसेसर (दुसऱ्याचा डेटा सांभाळणारा) म्हणून त्यात बांधला जातो, आणि तिथून डेटा भारतात परत येतो त्या प्रवासासाठी युरोपीय आयोगाच्या २०२१ च्या प्रमाणित करार-कलमांतलं चौथं मॉड्यूल करारात घालावं लागतं. छोटे होस्ट हे स्वतःहून सांगत नाहीत.

डोमेनकडेही, म्हणजे साइटच्या नावाकडेही, बघा. डॉट कॉमची नोंदवही अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या व्हेरिसाइन कंपनीकडे असते. २०१२ मध्ये बोडॉग डॉट कॉम हे नाव अमेरिकी कोर्टाच्या आदेशाने जप्त झालं, तेव्हा त्याचा रजिस्ट्रार (नाव नोंदवून देणारी कंपनी) कॅनडातला होता.

सातपूर_सिसॲडमिन
अमेरिकेबद्दल. तिथला क्लाउड ॲक्ट मार्च २०१८ चा. ज्या कंपनीवर अमेरिकी कायदा चालतो तिच्या ताब्यात, देखरेखीखाली किंवा नियंत्रणात असलेला डेटा जगात कुठेही असो, वैध वॉरंट आलं तर द्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टचा आयर्लंडमधल्या ईमेलचा खटला २०१३ च्या वॉरंटपासून सुरू होता. हा कायदा आल्यावर एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निरर्थक झाला म्हणून निकाली काढला. म्हणजे मुंबईचा सर्व्हर असला तरी अमेरिकन मालकी असेल तर हात पोचतो. याच कायद्याखाली थेट मागणीचे करार ब्रिटन (२०२२) आणि ऑस्ट्रेलियाशी (२०२४) लागू आहेत, आपल्याशी नाही. म्हणून आपल्या पोलिसांना अमेरिकन कंपनीकडून मेलमधला मजकूर हवा असेल तर परस्पर साहाय्य कराराचाच रस्ता धरावा लागतो.

याला तांत्रिक उत्तर आहे, भौगोलिक नाही. बँक खातं, आधार असे रकाने ॲप्लिकेशनमध्येच एन्क्रिप्ट करून (किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत असे करून) मग डेटाबेसात लिहा, आणि किल्ली त्या क्लाउडच्या की-सेवेत ठेवू नका. नुसतं डिस्क एन्क्रिप्शन इथे पुरत नाही. व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) चालू असताना किल्ली रॅममध्ये असते. होस्टने मेमरीसकट स्नॅपशॉट (चालू मशीनची जशीच्या तशी प्रत) घेतला की ती त्याच्या हातात गेली. बॅकअप रेस्टिकसारख्या साधनाने आपल्याकडेच एन्क्रिप्ट करून मग वर पाठवा, आणि दर तिमाहीला एकदा खरोखर रिस्टोअर करून बघा. किल्ली हरवली तर तो डेटा तुम्हालाही कायमचा गेला, म्हणून दोन प्रती दोन ठिकाणी बंद पाकिटात.

हलवल्यावर काय बिघडतं? सगळ्यात आधी वजनकाट्याचा स्क्रीन. मुंबईचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ) दोन आकडी मिलिसेकंदांत असतो, ॲमस्टरडॅमचा साधारण १५० धरा. एका क्रेटच्या नोंदीला एकामागून एक २० क्वेरी (डेटाबेसला विचारणा) जात असतील तर ३ सेकंद गेले. ऐन हंगामात, फेब्रुवारी-मार्चमध्ये, ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना हे परवडणार नाही. दुसरं घड्याळ. ॲमस्टरडॅमच्या वेळेशी आपला फरक उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार, त्यामुळे लॉग जुळवताना तास सरकतो. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवा, स्क्रीनवर भारतीय वेळ दाखवा.

आणि सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस भारतातच ठेवायला लागतात, तेही बघा.

गोदाकाठ_वकील
शेवटच्या मुद्द्यात थोडी दुरुस्ती. निर्देशांचा मूळ मजकूर 'भारतीय अधिकारक्षेत्रात' असा आहे, पण सर्ट-इनने नंतर प्रश्नोत्तरांत खुलासा केला की मागितल्यावर वाजवी वेळेत सादर करता येत असतील तर लॉगची प्रत बाहेरही चालते. सुटका मात्र नाही: सायबर हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं, हे सर्व्हर कुठेही असला तरी आहेच. याच निर्देशांनी व्हीपीएन आणि व्हीपीएसवाल्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितली, म्हणून २०२२ मध्ये काही मोठ्या व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढले. पण ज्या कंपनीचे संचालक इथेच राहतात तिला तसं निघून जाता येत नाही.

कॉलेजरोड_सीए
दादा, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे म्हणून एक गोष्ट अजिबात विसरू नका. याच सर्व्हरवर हिशेबाच्या वह्या असतील, म्हणजे इन्व्हॉइस, लेजर, तर कंपनी लेखा नियम २०१४ च्या नियम ३(५) प्रमाणे त्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर रोज असला पाहिजे. आधी 'ठराविक काळाने' होतं, ऑगस्ट २०२२ पासून रोज. ऑडिटला हे विचारतात.

परदेशी होस्टच्या बिलावर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हालाच रोखीने भरायचा, मग क्रेडिट घ्यायचं. शिवाय कार्डवरची १५ हजारांवरची दर महिन्याची आपोआप वसुली ओटीपीशिवाय होत नाही, आणि परदेशी होस्टकडे ई-मॅन्डेटची (आपोआप वसुलीला आगाऊ संमती द्यायची) सोय नसेल तर छोटी रक्कमही अडकते. स्मरणपत्र स्पॅममध्ये, आणि सर्व्हर बंद. वर्षाचे पैसे आगाऊ भरा किंवा बँकेतून पाठवा.

अंबड_कोडर
मनापासून आभार. म्हणजे सर्व्हर मुंबईतच, रकाने एन्क्रिप्ट, किल्ली आपल्याकडे. पण मग नोटीस आली तर किल्लीसकट द्यायचं का?

गोदाकाठ_वकील
किल्ली लगेच पुढे करू नका, आधी नोटीस नीट वाचा. कलम, गुन्हा क्रमांक, अधिकाऱ्याचं पद, कोणत्या तारखांचा डेटा, हे बघा. एका बागायतदाराच्या मार्चच्या नोंदी मागितल्या असतील तर तेवढ्याच उघडून द्या, अख्खा डेटाबेस नको. बाकीच्या शेतकऱ्यांची माहिती विनाकारण बाहेर जाऊ न देणं हीही तुमचीच जबाबदारी, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. फाइल काढली की तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइल बदलली तर बदलणारा ओळख-आकडा) काढा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र जोडा: भाग अ तुमचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हीत तोच हॅश. पोच घ्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा.

नोटीस हातात पडली त्या मिनिटाला जुने लॉग आपोआप पुसणारी स्क्रिप्ट बंद करा. पुरावा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली वेगळा गुन्हा आहे. संचालकांना सर्व्हर हलवायचाच असेल तर कुठलीही नोटीस नसताना, ठराव करून, कारण लिहून हलवा. नोटीस आल्यानंतर केलेलं स्थलांतर कोर्टात पुरावा लपवल्यासारखंच दिसतं.