बाल्टिक समुद्र ५० वर्षं मिळून साफ करतायत, तरी पाणी हिरवंच का?

तळ्यातमळ्यात (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी. हेलसिंकीत राहून आता बरीच वर्षं झाली, हा प्रश्न दर जुलैत पडतो आणि ऑगस्ट संपला की विसरायला होतं, म्हणून यंदा इथे टाकूनच देते. इथे उन्हाळा म्हणजे जेमतेम दोन-अडीच महिने, त्यात जरा वारा पडला आणि ऊन तापलं की समुद्राच्या कडेला हिरव्या-पिवळ्या सायीसारखा थर येतो आणि बीचवर पाटी लागते, निळं-हिरवं शेवाळ आहे, लहान मुलं नि कुत्री पाण्यात सोडू नका. विषारी असतं म्हणे, कुत्री दगावतात ते पाणी पिऊन. इथली पर्यावरण संस्था उन्हाळाभर दर आठवड्याला कुठल्या किनाऱ्यावर किती शेवाळ याचं बुलेटिन काढते, इतकं ते नेहमीचं झालंय.

ऑफिसातल्या फिनिश लोकांना विचारलं की ते अभिमानाने सांगतात, १९७४ ला ह्याच शहरात करार झाला, ऐन शीतयुद्धात, दोन्ही जर्मन्या, पोलंड, सोव्हिएत युनियन, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड सगळे एकत्र सही करायला आले. त्यातून हेल्कॉम नावाचं कमिशन निघालं, आता त्यात नऊ देश आहेत, त्याचं ऑफिसही इथेच. जगभर म्हणे आदर्श म्हणून दाखवतात. मग आदर्श आहे तर पाण्याची ही गत का? रशिया ऐकत नाही एवढंच उत्तर आहे का, की असले करार म्हणजे नुसत्या परिषदा आणि ग्रुप फोटो? जाणकारांनी सांगा प्लीज. राजकारण थोडं चालेल, भांडणं नकोत.

उगाचच:

वाचतोय. आमच्या मुळा-मुठेला नऊ देश लागत नाहीत, दोन महापालिका पुरतात.

गाळमित्र:

चांगला धागा. मी स्टॉकहोमला सांडपाण्याच्याच क्षेत्रात आहे त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी समुद्र कसा आहे ते बघा. बाल्टिक म्हणजे चहूबाजूंनी जमीन, सरासरी खोली ५५ मीटरच्या आसपास, आणि बाहेर पडायला डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्या. आतलं सगळं पाणी बदलायला २५-३० वर्षं जातात. म्हणजे आज जे आत गेलं ते तुमची मुलं कॉलेजात जाईपर्यंत आत. आणि भोवतीचं पाणलोट क्षेत्र समुद्राच्या चौपट, त्यात साडेआठ कोटी लोक राहतात. वर गोडसर हलकं पाणी, खाली खारं जड, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत त्यामुळे तळाला ऑक्सिजन पोचतच नाही. मोठं वादळ येऊन नॉर्थ सीचं खारं पाणी आत ढकललं गेलं तरच तळाला हवा मिळते, असं २०१४ च्या डिसेंबरात झालं होतं, फार मोठा लोंढा होता, पण त्याचाही फायदा थोडेच दिवस टिकला.

आता मुख्य भानगड. हे जे शेवाळ म्हणताय ते खरं तर जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. त्यांना नायट्रोजन हवेतून घेता येतो, म्हणजे अडतं ते फक्त फॉस्फरसपाशी. आणि फॉस्फरस तळाच्या गाळात पिढ्यानपिढ्यांचा साठलाय. ऑक्सिजन असेपर्यंत तो गाळातल्या लोखंडाला धरून बसतो, ऑक्सिजन संपला की सुटतो आणि वर येतो, त्यावर सायनो माजतात, मरतात, तळाला जाऊन कुजतात, कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खातात आणि आणखी फॉस्फरस सुटतो. त्यामुळे नळ आज पूर्ण बंद केला तरी समुद्र काही दशकं आपलीच उधारी फेडत बसणार.

आणि नळ बराचसा बंद झालाय हे कुणी सांगत नाही! ८० च्या दशकाच्या मानाने समुद्रात जाणारा फॉस्फरस साधारण निम्म्यावर आलाय. सगळ्यात मोठं उदाहरण सेंट पीटर्सबर्ग. १९७८ पर्यंत त्या अख्ख्या शहराचं सांडपाणी तसंच्या तसं नेवा नदीत नि फिनलंडच्या आखातात जायचं. शहराच्या नैऋत्येकडचा सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट सोव्हिएत काळात सुरू होऊन पैशाअभावी अर्धवट पडलेला, तो फिनलंड, स्वीडन, युरोपातल्या बँका असे सगळ्यांनी पैसे घालून २००५ ला सुरू केला, उद्घाटनाला पुतिन स्वतः होते, फिनलंडच्या अध्यक्ष आणि स्वीडनचे पंतप्रधानही. मग उरलेल्या थेट गटारांसाठी लांबलचक भुयारी वाहिनी, ती २०१३ ला पुरी झाली. फिनलंडचे करदाते रशियातल्या सांडपाणी प्लांटला पैसे देतात यावर तेव्हा लोक कुरकुरले, पण हिशोब साधा होता, आपल्या अगोदरच चकाचक असलेल्या प्लांटमधून शेवटचा एक टक्का काढायला जेवढा खर्च, तेवढ्यात पलीकडे कितीतरी पट जास्त फॉस्फरस निघतो. तेव्हा करार म्हणजे नुसते फोटो नाहीत, निदान जिथे पाइपाचं तोंड दिसतं तिथे तरी नाहीत. जिथे पाइपच नाही, म्हणजे शेती, तिथे सगळे नऊच्या नऊ देश ढेपाळलेत. त्यात माझा स्वीडनही आला.

विस्तुलाकाठी:

वरच्या प्रतिसादाला +१, फक्त एक भर घालते कारण बाल्टिकचा विषय निघाला की पोलंडला झोडपायची फॅशन आहे. मी वॉर्सात असते. एकूण आकडा बघितला तर पोलंडचा वाटा सगळ्यात मोठ्यांत आहे हे खरंय, पण पाणलोटातली जवळजवळ निम्मी लोकसंख्याच पोलंडची आहे! विस्तुला आणि ओडर या दोन्ही मोठ्या नद्या आमच्याच. माणशी हिशोब केला तर डेन्मार्क-फिनलंडवाल्यांनी जरा गप्प बसावं. २००४ ला युरोपियन युनियनमध्ये आल्यावर सांडपाण्याचा युरोपीय कायदा लागू झाला, सोबत निधी आला आणि मग गावोगाव प्लांट झाले. हेल्कॉमच्या शिफारशी असतात, बंधनकारक नसतात, नाही पाळल्या तर कोर्टात कोण नेणार? ब्रसेल्स, म्हणजे युरोपियन युनियन, नेतं, दंडही करतं. माझं मत, कामं झाली ती ब्रसेल्सच्या दट्ट्याने, श्रेय मात्र हेलसिंकीला.

(तरी २०१९ आणि परत २०२० च्या ऑगस्टमध्ये इथली प्लांटकडे जाणारी मुख्य वाहिनी फुटली आणि राजधानीचं मैलापाणी सरळ विस्तुलात. सैन्याने नदीवर तरंगता पूल टाकून त्यावरून तात्पुरते पाइप नेले. तेव्हा लाज वाटली होती हे कबूल.)

डेकखालचा:

मर्चंट नेव्हीत इंजिन साइडला आहे, गदिन्या, रिगा, पीटर्सबर्ग सगळं केलंय. जहाजाचं सांगतो कारण तिथे बाल्टिकवाल्यांनी खरंच डोकं लावलंय. इतर ठिकाणी पोर्टला स्लज, म्हणजे इंजिनातला तेलकट गाळ, उतरवायचा तर वेगळे पैसे लागतात, मग काही महाभाग रात्री समुद्रातच सोडतात आणि ऑइल रेकॉर्ड बुकात (तेलाच्या नोंदवहीत) काहीतरी लिहितात. इथे नियम असा की कचरा द्या न द्या, पोर्टच्या फीमध्ये त्याचे पैसे धरलेलेच. पैसे गेलेतच म्हटल्यावर कोण कशाला समुद्रात टाकतोय? शिवाय वरून विमानं फिरतात, सॅटेलाइट बघतो. ८० च्या दशकाच्या शेवटी वर्षाला शेकड्यांनी तेलाचे तवंग सापडायचे, आता एवढी ट्रॅफिक वाढूनही एकदम कमी. प्रवासी जहाजांचं संडासचं पाणीही आता प्रक्रिया केल्याशिवाय सोडायला बंदी आहे.

तळ्यातमळ्यात:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी कधी नीट सांगितलंच नव्हतं. आता राजकारणाचा प्रश्न. २०२२ नंतर काय? रशिया बाहेर पडला का?

गाळमित्र:

नाही, कागदावर आहेच. हेल्कॉमचे दहा सदस्य, नऊ देश आणि दहावं युरोपियन युनियन. युक्रेनवर हल्ला झाल्यावर बाकीच्यांनी २०२२ च्या मार्चमध्ये रशियासोबतच्या बैठका थांबवल्या. पण तिथे निर्णय एकमतानेच होतात, बहुमत वगैरे नाही, त्यामुळे रशियाला सोडून ठरवताही येईना. मग उरलेले नऊ जण आपापसात अनौपचारिक म्हणून भेटतात, कामं तशीच रेटतात. २०२१ ला जर्मनीतल्या ल्यूबेकमध्ये नवा कृती आराखडा मंजूर करून घेतला होता हे नशीब, नाहीतर आज ठरवायलाच कुणी एकत्र नसतं. मला जास्त काळजी आकड्यांची वाटते. पूर्वी रशियातल्या लुगा नदीत फॉस्फरस भलताच दिसला म्हणून शोध घेतला आणि तो किंगिसेपच्या खत कारखान्याजवळ निघाला, मग तिथलं पाणी गोळा करून प्रक्रिया सुरू झाली. हे झालं कारण दोन्हीकडचे शास्त्रज्ञ एकमेकांना फोन करत होते. आता असलं काही निघालं तर कोण कुणाला विचारणार?

विस्तुलाकाठीताई, ब्रसेल्सचं पटलं, पण अर्धंच. ब्रसेल्स पीटर्सबर्गला दंड करू शकत नव्हतं ना.

मिरकरवाडी:

रत्नागिरीहून. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात, पायाला चिकटलं की रॉकेलनेच निघतं. दरवर्षी पेपरात फोटो, दरवर्षी कुठल्या जहाजाचं ते कळत नाही. अरबी समुद्राला असं काही कमिशन नाही का?

डेकखालचा:

आहे म्हणायचं तर आहे. कोलंबोला दक्षिण आशियाचं पर्यावरण सहकार्याचं ऑफिस आहे, त्यांच्याखाली १९९५ चा समुद्रांचा कृती आराखडा आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव. पण नुसता आराखडा, बाल्टिकसारखा बांधून घेणारा करार नाही. ओमान-इराण त्यात नाहीत, त्यांचा कुवेत करार वेगळा. म्हणजे टँकर जातात त्या रस्त्याची एक बाजू एका गटात, दुसरी दुसऱ्यात. आणि भारत-पाकिस्तान एका खोलीत बसवून समुद्रावर बोलायला लावणं... असो. २०२१ ला कोलंबोपाशी ते एक्स-प्रेस पर्ल जहाज जळालं, प्लास्टिकच्या दाण्यांनी किनारे भरले, तेव्हा तरी काहीतरी हलेल वाटलं होतं.

उगाचच:

१९७४ ला अमेरिका-रशियाचे गट बोलू शकत होते आणि आपण... जाऊ दे, धागाकर्तीने भांडण नको म्हटलंय.

बांधावरचा:

उशिरा आलो. शेतीवर सगळे ढेपाळले असं वर म्हटलंय, म्हणजे नेमकं काय? काहीच करत नाहीत का?

गाळमित्र:

करतात, पण पेलवत नाही. शेतकऱ्याला नको म्हणायला कुठलंच सरकार धजत नाही. डेन्मार्कने २०२४ ला मोठा करार केलाय, देशाच्या सुमारे १० टक्के जमिनीवरची शेती काढून जंगल आणि निसर्गाला द्यायची, त्यात नायट्रोजन कमी करणं हाही एक हेतू आहे, बघू किती होतं. फिनलंडमध्ये नैऋत्येच्या चिकणमातीच्या शेतात जिप्सम टाकतात. त्याने माती धरून राहते, पावसात वाहून जाणारा फॉस्फरस साधारण निम्मा होतो, आणि पिकालाही मिळत राहतो.

बांधावरचा:

जिप्सम? अहो आम्ही सांगलीकडे चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या, जमिनीला वर्षानुवर्षं टाकतोय, समुद्रासाठी कुणी टाकतं हे पहिल्यांदाच ऐकलं. हेक्टरी किती? आणि खर्च कोणाचा?

गाळमित्र:

हेक्टरी ४ टन, परिणाम चार-पाच वर्षं. तळ्याला उतरणाऱ्या शेतात टाकत नाहीत, सल्फेटचा गोड्या पाण्याला त्रास होतो, समुद्रात ते आधीच भरपूर आहे. खर्च सरकारी योजनेतून झाला, माल, वाहतूक, पसरणं, सगळं.

बांधावरचा:

पसरण्याची मजुरीसुद्धा? मग टाकतील की. आमच्याकडे निम्मं अनुदान मिळायला एक हंगाम जातो.